चरबीच्या पेशीचे विभव इन्शुलिनने हलते का? आधी विचारा, मोजले कशाने

मिरजेत शरीरक्रियाशास्त्रात एम.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. एका ठिकाणी तिने वाचले की इन्शुलिन दिल्यावर चरबीच्या पेशीचे मेम्ब्रेन पोटेन्शियल, म्हणजे पटलाच्या आतल्या आणि बाहेरच्या विद्युत विभवातला फरक, आणखी ऋण होते. दुसरीकडे नेमके उलट वाचले. तिसरीकडे लिहिले होते की फरकच पडत नाही. यातले खरे कोणते, ॲड्रेनॅलिन किंवा ग्लिबेनक्लॅमाइड या मधुमेहाच्या औषधाने काय होते, आणि सांगली-मिरजेत राहून प्रबंधापुरते हे मोजता येईल का, असे तिने विचारले आहे.

आधी थेट उत्तर. पेशीचा आतला द्रव न बदलता मोजले, तर पांढऱ्या चरबीच्या पेशीचे विभव उणे ३० मिलिव्होल्टच्या आसपास भरते आणि इन्शुलिनने ते ठळकपणे हलत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पर्फोरेटेड पॅचच्या (काचेची पिपेट पटलाला घट्ट चिकटवून, तिथे बारीक छिद्रे पाडून मोजण्याची रीत) कामात रॅटच्या ९५ पेशींची सरासरी उणे ३२.१ मिलिव्होल्ट आली होती आणि ३टी३-एल१ या संवर्धित पेशींची उणे २८.८. तिथे १०० नॅनोमोलर इन्शुलिनने लक्षणीय बदल झाला नाही. १० मायक्रोमोलर आयसोप्रेनालिनने, म्हणजे ॲड्रेनॅलिनसारखे काम करणाऱ्या औषधाने, मात्र विभव शून्याकडे सरकले. जुनी विधाने खोटी होती असे नाही. ती ज्या साधनांनी मोजली, ती साधने बहुतेक वेळा दुसरेच काहीतरी मोजत होती.

हे समजायला या पेशीचे विभव ठरवते कोण, ते आधी पाहू. चेताशास्त्रातून आलेली सवय अशी की विश्रांतीचे विभव म्हटले की पोटॅशियम. चरबीच्या पेशीत ही सवय फसवते. बाहेर ५.६ आणि आत १४० मिलिमोलर पोटॅशियम धरले, तर ३७ अंशाला पोटॅशियमचे समतोल विभव, म्हणजे ज्या विभवाला त्याची आत-बाहेरची ये-जा बरोबरीत येते ते, उणे ८६ येते. पेशी त्याच्या जवळपासही नाही. बाहेरचे पोटॅशियम ५० मिलिमोलरपर्यंत वाढवले तरी विभव हलत नाही. मात्र बाहेरचे १३३ मिलिमोलर क्लोराइड काढून त्याजागी पटल सहज न ओलांडणारे ग्लुकोनेट घातले की विभव २५ मिलिव्होल्टने शून्याकडे जाते, आणि क्लोराइडच्या जागी आयोडाइड घातले की ९ मिलिव्होल्टने आणखी ऋण होते, कारण त्या मार्गातून आयोडाइड क्लोराइडपेक्षा सहज जाते. सोडियमच्या जागी पटल ओलांडू न शकणारे एन-मिथाइल-ग्लुकामाइन घातले तर विभव १६ मिलिव्होल्टने ऋण होते, म्हणजे थोडी सोडियमची गळतीही आहे.

शेततळ्याला वेगवेगळ्या उंचीचे तीन पाट जोडलेले असावेत, तसे हे आहे. ज्या पाटाचे दार सर्वांत जास्त उघडे, त्याच्या पातळीकडे तळे झुकते. इथे मोठे दार क्लोराइडचे आहे. त्याचे समतोल विभव साधारण उणे २९ धरून उलटे गणित केले, तर बाहेर १४० मिलिमोलर असताना आतले क्लोराइड सुमारे ४५ ते ४७ मिलिमोलर येते. चेतापेशीच्या मानाने हे बरेच जास्त आहे. हा मार्ग पेशीच्या आकारमानाला प्रतिसाद देणाऱ्या ऋणायन-मार्गांच्या गुणधर्मांचा आहे. त्या मार्गाचा अत्यावश्यक घटक असलेले एलआरआरसी८ए हे प्रथिन २०१४ सालीच ओळखले गेले, आणि चरबीच्या पेशीची वाढ व इन्शुलिनचा संदेश यांच्याशी त्याचा संबंध पुढे २०१७ मध्ये दाखवला गेला. विभव जागचे हललेले नसतानाही या मार्गाचा इन्शुलिनशी संबंध असू शकतो, हे त्यातून लक्षात घ्यायचे.

आता जुन्या मतभेदांकडे. १९५७ साली केनेथ झिर्लर यांनी स्नायूवर दाखवले की इन्शुलिनने विभव वाढते. तो धागा धरून चरबीतही काचेच्या सुया टोचल्या गेल्या आणि तिथेही विभव अधिक ऋण होते असे निष्कर्ष आले. पण चरबीची पेशी म्हणजे पोळीच्या पदरासारखे पातळ पेशीद्रव आणि आत तेलाचा एकच मोठा थेंब. ८० मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीचे एकूण आकारमान सुमारे २७० पिकोलिटर; त्यात पाण्याचा भाग जेमतेम २ ते ३ टक्के, म्हणजे ५ ते ८ पिकोलिटर. सुईचे टोक पेशीद्रवात आहे की तेलात, हे बाहेरून कळत नाही. सुईतले ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड त्या इवल्याशा पाण्यात झिरपते आणि आतले क्लोराइड बदलते. आपण पाहिले की क्लोराइडवरच सगळे अवलंबून आहे. शिवाय टोचल्या जागी पटल फाटून गळती होते. अशा सुईच्या आकड्यात इन्शुलिनचे पाच मिलिव्होल्ट शोधणे म्हणजे ढगाळ दिवशी सावली मोजणे.

मग आली तेलात विरघळणाऱ्या धनायनांची पद्धत: टीपीपी किंवा टीपीएमपी यांचे किरणोत्सारी खुणा लावलेले रेणू. विभवानुसार ते आत गोळा होतात, हे तत्त्व बरोबर. अडचण अशी की उणे ३० मिलिव्होल्टला हे रेणू पेशीद्रवात तिप्पट गोळा होतात, तर मायटोकॉन्ड्रियाच्या १५० मिलिव्होल्टला पावणेतीनशेपट. त्यात भर म्हणून ९५ टक्क्यांहून जास्त तेल, ज्यात हा रेणू विभवाशिवायही शिरतो. इन्शुलिनने मायटोकॉन्ड्रियाचे विभव थोडे जरी बदलले, तरी तो बदल पटलाचा म्हणून नोंदला जातो. मायटोकॉन्ड्रियाचे विभव मोडणारे एफसीसीपी हे रसायन देऊन मायटोकॉन्ड्रियाचा हिस्सा वजा करता येतो, पण दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटा आकडा काढताना चूक सगळी त्या छोट्या आकड्यावर येते. म्हणूनच त्या पद्धतीत कुणाला वर, कुणाला खाली असे निष्कर्ष मिळाले.

इन्शुलिन सोडियम-पोटॅशियम पंप वाढवते, मग विभव का हलत नाही, ही रास्त शंका आहे. पंप खरोखर वाढतो. पंपाचे दोन प्रकार रॅटच्या चरबीच्या पेशीतच १९८५ साली वेगळे ओळखले गेले आणि इन्शुलिनचा परिणाम त्यातल्या दुसऱ्या प्रकारावर दिसला. तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत, म्हणजे दर फेरीला एक धनभार बाहेर. पण क्लोराइडचे दार सताड उघडे असेल, तर पंपाने बाहेर टाकलेल्या भाराची भरपाई लगेच क्लोराइड करते आणि विभवावर त्याचा ठसा फार थोडा उरतो. पंपाचा वेग वाढला का हे पाहायचे असेल तर विभव नव्हे, पंप पोटॅशियमऐवजी उचलतो त्या रुबिडियमचे आत शिरणे मोजा आणि औबेनने बंद होणारा हिस्सा वेगळा काढा.

ग्लुकोजचेही असेच. ग्लुकोजचा वाहक (ज्याला पुढे ग्लूट-४ हे नाव मिळाले) पेशीच्या आतून पटलावर येतो, हे १९८० साली रॅटच्या चरबीच्या पेशीवरच दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. ग्लुकोजला भार नाही आणि ग्लूट-४ सोडियम सोबत घेत नाही, त्यामुळे त्या वाहतुकीला विभव लागत नाही आणि तिच्यामुळे ते थेट बदलतही नाही. आतड्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या सोडियमसह ग्लुकोज नेणाऱ्या वाहकाचे विभवाशी नाते आहे. तोंडी परीक्षेत हे दोन्ही हमखास एकत्र कालवले जातात.

ग्लिबेनक्लॅमाइडबद्दल तर्काने बोलता येते. बाहेरचे पोटॅशियम जवळपास नऊपट वाढवूनही विभव हलत नसेल, तर पोटॅशियमचा एक मार्ग बंद करून मोठा फरक पडण्याची अपेक्षा ठेवू नये. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत ते औषध विभवावर चालते, कारण तिथे पोटॅशियमचे दार मोठे आहे. तो नियम चरबीला लावू नका.

आता मोजायचे कसे. प्राण्यांवरचे काम असेल तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी आधी, आणि शस्त्रक्रियेतून मिळणारी मानवी चरबी असेल तर मानवी नीतिसमितीची. मिरजेत शस्त्रक्रिया भरपूर होतात म्हणून मानवी चरबी मिळणे सोपे वाटते. पण छेदाच्या जागी ॲड्रेनॅलिनसह लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचले असेल तर तो तुकडा घेऊ नका. तुम्ही मोजायला निघालेल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे बीटा-ग्राही (ॲड्रेनॅलिनचा संदेश घेणारी पटलावरची प्रथिने) आणि आयन-मार्ग, आधीच छेडल्या गेलेल्या असतात. छेदापासून दूरचा, कॉटरीने न भाजलेला तुकडा मागा. तो बर्फात ठेवू नका. थंडीत तेल घट्ट होऊन पेशी फुटतात. कोमट बफर भरलेला साधा थर्मास पुरतो.

पेशी सुट्या करण्याची रीत मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ साली दिलेली, आजही तीच. तुकडे बारीक कात्रा, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कोलॅजिनेज, ३७ अंश, हलके हलवत ३० ते ६० मिनिटे. बफरमध्ये मेदाम्लरहित अल्ब्युमिन किमान १ टक्का हवेच. सुटलेली मेदाम्ले ते उचलते, नाहीतर तीच पटल बिघडवतात. काचेची भांडी टाळा, प्लॅस्टिक वापरा, कारण काचेला लागून या पेशी फुटतात. पिपेटचे टोक कात्रीने कापून रुंद करा. २५० मायक्रोमीटरच्या नायलॉन जाळीतून गाळा. इतर पेशी तळाला बसतात, या वर तरंगतात; म्हणून धुताना खालचा द्रव सिरिंजने काढायचा, वरचा नाही. वर पिवळसर तेलाचा तवंग दिसला तर पेशी फुटल्या आहेत असे समजा. तो तवंग पिपेटच्या टोकाला बसला की सील, म्हणजे पिपेट आणि पटल यांची घट्ट पकड, लागतच नाही, आणि मग विद्यार्थी दिवसभर पिपेटला दोष देत बसतात.

कोलॅजिनेज लॉटप्रमाणे बदलते, हे आणखी एक. नवी बाटली उघडली की आधी पेशी इन्शुलिनला प्रतिसाद देतात का ते तपासा: चरबी फुटताना ग्लिसरॉल सुटते ते मोजा, थोडे आयसोप्रेनालिन द्या, वर १ नॅनोमोलर इन्शुलिन द्या आणि ग्लिसरॉल खाली येते का पाहा. इथे आयसोप्रेनालिन १० ते १०० नॅनोमोलरच ठेवा. १० मायक्रोमोलर दिलेत तर सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक रेणू इतका चढतो की इन्शुलिनला तो आवरता येत नाही, आणि चांगल्या पेशी बिघडलेल्या वाटतात. पेशी स्वतः ॲडिनोसिन सोडतात, दाटीप्रमाणे कमीजास्त. त्याने सायक्लिक एएमपी आपोआप दबते. रोजचे आकडे जुळत नसतील तर ॲडिनोसिन डीॲमिनेज घालून ते काढून टाका. आयसोप्रेनालिनचे द्रावण गुलाबी झाले असेल तर ते ऑक्सिडाइझ झाले आहे. फेका आणि ॲस्कॉर्बिक आम्ल घालून ताजे करा.

विभवासाठी पूर्ण-पेशी पॅच (ज्यात पटल फोडून पिपेट थेट आतल्या द्रवाला जोडतात) घेऊ नका. पिपेटमध्ये १४० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड असेल तर काही मिनिटांत आतले क्लोराइड पिपेटइतके होते, समतोल विभव शून्याजवळ जाते आणि पेशी तुमच्या पिपेटचेच विभव दाखवते. पर्फोरेटेड पॅच घ्या. पिपेटमध्ये पोटॅशियम सल्फेट ७६, पोटॅशियम क्लोराइड १०, सोडियम क्लोराइड १०, मॅग्नेशियम क्लोराइड १, हेपेस ५ मिलिमोलर, पीएच ७.३५ हे मिश्रण चालते. पटलाला छिद्रे पाडणारे ॲम्फोटेरिसिन बी हे औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून, अंधारात ठेवून, दोन तासांत वापरा. पिपेटचे अगदी टोक आधी साध्या द्रावणात क्षणभर बुडवा, नाहीतर औषध सील लागण्याआधीच पटलाला लागते. ॲम्फोटेरिसिनच्या छिद्रांतून थोडे क्लोराइड जातेच. क्लोराइडच मुख्य मुद्दा असेल तर ग्रामिसिडिन अधिक स्वच्छ, कारण त्यातून फक्त धनायन जातात. मात्र छिद्रे पडायला वेळ लागतो आणि तेवढा धीर हवा.

तरंगणारी पेशी पकडणे ही हाताची कला आहे. पेशींचा पातळ थर ठेवा, पिपेट बाजूने आणा, हलका धनदाब कायम ठेवा आणि पेशीला टेकताच सोडा. सीलची किंमत लिहून ठेवा. पेशीचा स्वतःचा रोध २ गिगाओम आणि सील ५ गिगाओम असेल, तर खरे उणे ३२ हे उणे २३ दिसते. इन्शुलिन देताना द्रव हलून सील थोडी जरी सैल झाली, तरी विभव कमी ऋण झाले असा भास होतो. पेशीची धारिता ८० मायक्रोमीटरला किमान २०० पिकोफॅरडच्या आसपास यायला हवी. २० पिकोफॅरड आली तर तुम्ही चरबीची पेशी नव्हे, तिच्या शेजारची पूर्वपेशी धरली आहे.

क्लोराइड बदलण्याच्या प्रयोगात सर्वांत महागडी चूक संदर्भ-इलेक्ट्रोडची. उघडी चांदी-चांदीक्लोराइडची तार बाथमध्ये (पेशींभोवतीच्या द्रवात) असेल आणि बाथचे क्लोराइड १४३ वरून १० वर आणलेत, तर त्या तारेचेच विभव सुमारे ६८ मिलिव्होल्टने सरकते. पेशीच्या २५ मिलिव्होल्टचा त्यापुढे पत्ता लागत नाही. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड भरलेला अगारचा पूल लावा आणि उरलेले द्रव-संधी विभव (दोन द्रावणे भेटतात तिथे तयार होणारे) हिशोबात घ्या. ग्लुकोनेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून त्या द्रावणात कॅल्शियम वाढवावे लागते. ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची एकूण दाटी, प्रत्येक द्रावणाची मोजा. १५-२० मिलिऑस्मोलचा फरकही आकारमानाला प्रतिसाद देणाऱ्या मार्गांना छेडू शकतो.

इन्शुलिन कोणते घ्यावे? औषधाच्या दुकानातली मिलिलिटरला ४० युनिटची कुपी स्वस्त आणि जवळ, पण तिच्यात झिंक आणि मेटाक्रेसॉल असते. एक युनिट म्हणजे सुमारे ६ नॅनोमोल. म्हणजे कुपीत २४० मायक्रोमोलर इन्शुलिन. १०० नॅनोमोलर हवे तर २,४०० पट पातळ करावे लागते, आणि तेवढे करूनही क्रेसॉल जवळपास १० मायक्रोमोलर उरते. फिनॉलच्या जातीचा पदार्थ पटलावर असताना विभवाबद्दल बोलायचे तर तेवढेच क्रेसॉल असलेले इन्शुलिनरहित द्रावण शेजारी चालवलेच पाहिजे. त्यापेक्षा शुद्ध पावडर घ्या, ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात मिलिलिटरला १ मिलिग्रॅम विरघळवा, म्हणजे १७२ मायक्रोमोलर होते. पातळ करताना ०.१ टक्का अल्ब्युमिन घाला. नाहीतर पिकोमोलरच्या पातळीवर अर्धेअधिक इन्शुलिन नळीच्या भिंतीलाच चिकटून राहते. मात्रा एकच ठेवू नका. उपाशीपोटी रक्तात काही दशक पिकोमोलर आणि जेवणानंतर काहीशे पिकोमोलर असते. १०० नॅनोमोलर हे त्याच्या शेकडो पट. तिथे इन्शुलिनसारख्या वाढ-घटकाच्या ग्राहीही जाग्या होतात. १०० पिकोमोलर, १ नॅनोमोलर आणि १०० नॅनोमोलर, आणि प्रत्येकी निदान १५ मिनिटे थांबणे, असा आराखडा ठेवा.

सांगली भागातल्या अडचणी वेगळ्याच. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्याने जातात आणि रस्त्याकडेच्या तळमजल्यावरही कंप येतो. इमारतीच्या मागच्या बाजूची खोली मागा. हवेवर तरंगणारे टेबल नसेल तर जाड ग्रॅनाइटची फरशी स्कूटरच्या अर्धवट हवा भरलेल्या ट्यूबांवर ठेवली तरी बराच फरक पडतो. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा रोध चढतो. ५० हर्ट्झची गुणगुण अचानक वाढली तर ॲम्प्लिफायर उघडण्याआधी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता. वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर पॅचच्या नोंदीत करवतीसारखी दिसते. शुद्ध साइन लहरीचा यूपीएस नसेल तर ती नोंद बाद समजा. 

पॅचचे यंत्रच नसेल तर? चमकणाऱ्या रंगद्रव्यांत डायबॅक निवडा. ते ऋणभारित असल्याने मायटोकॉन्ड्रियात फारसे शिरत नाही. पण ते अल्ब्युमिनला चिकटते, आणि अल्ब्युमिनशिवाय तुमच्या पेशी टिकत नाहीत. म्हणून अल्ब्युमिन अगदी कमी आणि सर्व नळ्यांत काटेकोर सारखे ठेवा. शेवटी बाहेरचे क्लोराइड बदलून मिळालेला बदल मोजपट्टी म्हणून वापरा. पोटॅशियमने मोजपट्टी आखायची सगळ्या पुस्तकांतली रीत इथे चालत नाही, कारण पोटॅशियमला ही पेशी दादच देत नाही. आणि गणनेत प्राणी किंवा रुग्ण हा एकक धरा. एका रॅटच्या ४० पेशी म्हणजे ४० नमुने नव्हेत.

पत्राच्या शेवटी तुम्ही रक्तातले पोटॅशियम उतरवण्यासाठी देतो त्या इन्शुलिनचा उल्लेख केला आहे: १० युनिट रेग्युलर, सोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. त्याने पोटॅशियम पेशींत जाते ते मुख्यतः स्नायूतल्या आणि यकृतातल्या पंपामुळे. चरबीत पाण्याचा भाग इतका थोडा की तिथे पोटॅशियमला जागाच फारशी नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हा दाखला चरबीच्या विभवासाठी घालू नका. पहिला परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवेल.